मदत हवी आहे: पासावर दिवाळी पहाटेला आलेला डोंबिवलीकर पर्यटक धरायचा का?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

ठाण्यातल्या सार्वजनिक सोहळ्यांचं धोरण कोण ठरवतं आणि त्या गर्दीला पर्यटन म्हणता येतं का, हा माझा पीएच.डी.चा विषय. घेतला तेव्हा वाटलं, घरचंच कार्य आहे. लहानपणापासून चरईत राहते, दहीहंडीला टेंभीनाका आणि नरक चतुर्दशीच्या दिवाळी पहाटेला तलावपाळी (मासुंदा तलावाचा काठ) पायाखालची. गाइड मॅडमनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "तुझा पर्यटक कोण?" तेव्हापासून अडकलेय.

संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येनुसार, नेहमीच्या वावराच्या परिसराबाहेर वर्षापेक्षा कमी काळासाठी, पण तिथे नोकरी करायला नाही, असा गेलेला माणूस म्हणजे अभ्यागत. रात्रीचा मुक्काम केला तर पर्यटक, नाही केला तर एकदिवसीय अभ्यागत. आता आमचा डोंबिवलीचा पोरगा घ्या. रोज ठाण्यातल्या कॉलेजात येतो, म्हणजे ठाणे त्याच्या नेहमीच्या परिसरातलंच. नरक चतुर्दशीला भल्या पहाटे नवा झब्बा घालून त्याच पासावर लोकलने येतो, तलावपाळीला फोटो काढतो, राम मारुती रोडवर मित्रांत नाचतो, मिसळ खातो आणि परत जातो. माझ्या तक्त्यात तो कुठल्याच रकान्यात बसत नाही. गर्दी मात्र त्याचीच!

तुलनेला नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम घेतलंय. तिथे प्रश्न सोपा आहे असं वाटलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ तारखेला कोल्डप्ले बँडचे कार्यक्रम झाले, २ नोव्हेंबरला महिला क्रिकेट विश्वचषकाची अंतिम लढत झाली. तिकीट असतं, आसनं मोजलेली असतात, परगावाहून येणारे हॉटेलात उतरतात. पण हॉटेल वाशीत घेतलं की अंधेरीत, यावर पैसा कुठल्या शहरात पडला ते ठरणार. आणि नेरूळचाच माणूस सामना बघायला गेला तर त्याचे पैसे शहरात नव्याने आले असं कसं म्हणायचं? तो एरवी त्याच पैशात मॉलमध्ये जेवला असता.

दुसरी अडचण धोरणाची. राज्याचं पर्यटन धोरण २०२४ वाचलं, त्यात गुंतवणूक, सवलती, रोजगार सगळं आहे. पण ठाण्यातल्या दहीहंडीचं प्रत्यक्ष धोरण त्यात सापडत नाही. २०१२ मध्ये जय जवान पथकाने ठाण्यातच नऊ थरांचा गिनीज विक्रम केला. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने २० फुटांची मर्यादा घातली, २०१७ मध्ये उंची ठरवणं आपलं काम नाही म्हणून सरकारकडे सोडलं, आणि २०२२ मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. म्हणजे क्रीडा खात्याला तो खेळ, पोलिसांना बंदोबस्त, पालिकेला मंडप आणि आयोजकांना... ते आपण सगळे जाणतो. पर्यटन खातं यात कुठे शिरतं? एका कार्यालयात हेच विचारायला गेले तर "मॅडम, हे आमच्याकडे येत नाही, शेजारच्या टेबलावर विचारा" असं दोन मजले ऐकलं.

तिसरी गोष्ट रहिवाशांची. डॉक्सी नावाच्या अभ्यासकाने १९७५ मध्ये मांडलं होतं की पर्यटन वाढत जातं तसे स्थानिक चार पायऱ्या चढतात: आनंद, बेफिकिरी, वैताग, उघड विरोध. माझे बाबा या चारही पायऱ्या एकाच सकाळी चढतात. पाचला उटणं लावून खुशीत, आठला गाडी गल्लीत अडकली की शिव्या. यासाठी मुलाखती घेणारच आहे, पण तिथे मला धीर आहे.

तर जाणकारांनो, गर्दीतला माणूस कसा वर्गात बसवायचा आणि धोरणाची कागदपत्रं नेमकी कुठे शोधायची, एवढं सांगा. "प्रश्नावली काढ आणि पाच पर्याय दे" हे सोडून काहीही चालेल, ते करून हात पोळलेत. साडेसहाला ढोलाच्या आवाजात कोणी फॉर्म भरत नाही. भरला तर सगळीकडे 'पूर्णपणे सहमत' लिहून मोकळे होतात.

— तळ्याकाठची

प्रतिसाद १, खोपटकर:
वाखु (वाचनखूण) साठवली. आमच्या गल्लीतून त्या दिवशी तळ्यावर जायला व्हिसा लागतो, तेव्हा आम्हीच खरे पर्यटक.

प्रतिसाद २, जुना बोरू:
ताई, 'धोरण' या नावाची फाइल शोधू नका, ती मिळणार नाही. परवानग्या शोधा. मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी वाहतूक शाखा मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ आणि पुढच्या कलमांखाली अधिसूचना काढते. कुठला रस्ता, किती ते किती बंद, पर्यायी मार्ग कोणता, सगळं त्यात असतं. दहा वर्षांच्या अधिसूचना एकाखाली एक लावा, सोहळा कसा पसरत गेला ते नकाशावर दिसेल. मंडपांसाठी डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवरचा उच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल आधी वाचा. आवाज आणि रस्त्यावरचे मंडप, दोन्ही त्यात आहेत, आणि याचिकाकर्ते ठाण्याचेच. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे. रात्री दहानंतर वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस कुठल्या सणांना दिले जातात, हेच मला खरं धोरण वाटतं.

माहिती अधिकाराचा अर्ज करताना एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. "धोरण काय आहे" असं विचारलंत तर "माहिती उपलब्ध नाही" येईल. "अमुक तारखांना दिलेल्या परवानग्यांच्या प्रती द्या" असं मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

प्रतिसाद ३, ऐरोलीची खाडी:
क्रॉम्प्टनचा १९९५ चा लेख वाचलाय का? क्रीडा सोहळ्यांचा आर्थिक परिणाम मोजताना होणाऱ्या अकरा चुका त्याने दिल्यात. शहरातल्याच लोकांचा खर्च धरू नका, हे त्यात आहेच. शिवाय जो एरवी येणारच होता पण तारीख जुळवून आला तो, आणि आधीच शहरात असून सहज डोकावला तो, या दोघांनाही वगळायला सांगतो. तुझा डोंबिवलीकर मला तिसराच वाटतो: परिसर नेहमीचा, दिवस आणि कारण वेगळं. त्याला कोंबून बसवू नकोस, वेगळा रकाना कर आणि तोच तुझ्या प्रबंधाचा मुद्दा होऊ दे.

फॉर्मऐवजी दोनच प्रश्न तोंडी विचार. हा कार्यक्रम नसता तर आज आत्ता कुठे असतास? आणि आज किती पैसे, कुठे खर्च केलेस? तेही तलावपाळीला नाही, परतीच्या वेळी फलाटावर. गाडीची वाट बघणारा माणूस बोलतो.

— तळ्याकाठची:
जुना बोरू, नमस्कार स्वीकारा! कलम ११५ माहीतच नव्हतं, सोमवारपासून त्याच कामाला लागते. खाडी, वेगळा रकाना मॅडमना सांगून बघते; व्याख्येबाहेर काही काढलं की त्या आधी चष्मा काढतात. फलाटाची कल्पना झकास, पण तिथे विचारपूस करायला रेल्वेची परवानगी लागेल ना? ती कोणाकडून मिळते, कोणी काढली आहे का?