मदत हवी आहे: जुनं ८० टनी इंजेक्शन मोल्डिंग मशीन घेताना

मंडळी, पीपीच्या (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या) डब्याच्या झाकणांसाठी जुनं ८० टनी टॉगल मशीन (सांधेदार दांड्यांनी ८० टन जोराने मोल्ड दाबून धरणारं) बघतोय. झाकण ९० मिमी व्यासाचं, मोल्ड दोन कॅव्हिटीचा, म्हणजे एका वेळी दोन झाकणं. क्षेत्रफळ साधारण १२७ चौ. सेमी, चौ. सेमीला ०.४ टन धरले तर ५१ टन, म्हणजे क्लॅम्पिंग (मोल्ड दाबून धरायचा जोर) पुरतं. शॉट (एका वेळी मोल्डमध्ये जाणारा माल) रनरसकट, म्हणजे माल वाहणाऱ्या नाळीसकट, २२ ग्रॅम. मशीनची क्षमता १२० ग्रॅम, पण ती पॉलिस्टायरीनची. पीपीला शंभराच्या आतच धरायची. वापर जेमतेम पाव भरतोय. माल बॅरलमध्ये (स्क्रू फिरतो आणि माल वितळतो ती नळी) जास्त वेळ राहून पिवळा पडेल का?

दलाल फक्त ड्राय रन (माल न घालता मशीन चालवणं) दाखवतो. त्यात टॉगलचा खडखडाट कळेल, पण स्क्रूचं काय? आमचा मोल्ड चढवून, ५ मिमी कुशन (स्क्रूपुढे राखलेला थोडा माल) ठेवून सलग दोन तास माल काढायचा विचार आहे. होल्डिंगमध्ये (मोल्ड भरल्यावर दाब धरून ठेवताना) स्क्रू सरकत शून्यावर आला, तर चेक रिंग (माल मागे जाऊ न देणारी स्क्रूच्या टोकाची रिंग) किंवा बॅरल झिजलं असण्याची शक्यता मोठी. नुसती रिंग स्वस्तात निघते, बॅरल मात्र बजेट मोडतं. रंग ताजा दिसतोय, त्यावर भरवसा नाही.

अनुभवी लोकांना तीन प्रश्न:
टॉगलच्या पिना-बुशांची झीज मशीन न उघडता डायल गेजने कशी मोजता? मोजायचं कुठे, मागच्या प्लेटला की चालत्या प्लॅटनला (मोल्डचा हलता भाग बसतो ती प्लेट)?
दोन तासांत तेल ५५ अंशांवर गेलं तर आधी कूलर साफ करावा की पंपावर संशय घ्यावा?
कंट्रोलर जुना आहे, कार्ड मिळत नाही. पीएलसी (मशीन चालवणारा प्रोग्रॅम करता येणारा नवा कंट्रोलर) बसवून घेणं परवडतं का, की सौदाच सोडावा?