टुक्टोयाक्टुकची भेगाळलेली जमीन आणि माळावरच्या एकट्या टेकड्या

शेतबांध:
कॅनडाच्या उत्तर किनाऱ्यावरील टुक्टोयाक्टुक या गावाच्या परिसराची विमानातून घेतलेली छायाचित्रे नुकतीच पाहिली. मी मराठवाड्यातल्या काळ्या रानात वाढलो. चैत्र-वैशाखात आमच्या जमिनीला भेगा पडून तिचे जसे पाच-सहा कोनी तुकडे होतात, तशीच आकृती तिथल्या जमिनीवर दिसते. मात्र तिथला एकेक तुकडा वीस-पंचवीस मीटरांचा असून त्याच्या मध्यभागी पाणी साचलेले आहे. ज्या प्रदेशात जमीन उन्हाळ्यातही चिंब असते, तिथे भेगा कशाने पडत असतील? शिवाय त्या सपाट माळावर मध्येच वारुळासारख्या एकट्या टेकड्या उभ्या आहेत. जवळपास डोंगर नाही, ज्वालामुखीही नाही. मग त्या कुठून आल्या?

हिमरेषा:
दोन्हीकडे जमीन आकसते म्हणूनच तडकते. काळी माती पाणी उडून गेल्याने आकसते, तर तिथली गोठलेली जमीन थंडीने आकसते. सलग दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जिचे तापमान शून्य अंशाच्या वर जात नाही, त्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उन्हाळ्यात तिच्यावरचा हात-दोन हातांचा थर तेवढा वितळतो. हिवाळ्यात पारा झपाट्याने उतरला, की दगडासारखी कडक झालेली ही जमीन ताण न सोसून तडकते. भेग बोटभरही रुंद नसते, पण काही मीटर खोल जाते. वसंतात वितळलेले पाणी तिच्यात उतरून खालच्या थंडीने तिथेच गोठते, आणि पुढे जमीन पुन्हा तडकते ती बहुधा त्याच जागी. लाकूडतोड्याने ओंडक्यात पाचर ठोकत जावी, तशी ही बर्फाची पाचर शतकानुशतके रुंदावत जाते. अलास्काच्या किनाऱ्यावर अनेक वर्षे राहिलेल्या अर्नेस्ट लेफिंगवेल यांनी 1915 मध्ये ही उपपत्ती मांडली.

पाणी साचण्याचे कारणही या पाचरीतच आहे. उन्हाळ्यात जमीन पुन्हा फुगते, पण भेगेची जागा आता बर्फाने अडवलेली असते. त्यामुळे दोन्ही कडांची माती वर उचलली जाते. आपल्या शेताला आपण बांध घालतो, तसा प्रत्येक तुकड्याला चहूबाजूंनी आपोआप बांध पडतो आणि पाणी आत अडते.

उत्तरवाट:
ध्रुवीय जमिनीवरची प्रत्येक नक्षी भेगांचीच असते असे मात्र समजू नये. नॉर्वेच्या स्वालबार्ड या ध्रुवीय द्वीपसमूहातील न्यू-ओलेसुंड येथे, जिथे 2008 पासून भारताचे हिमाद्री संशोधन केंद्र आहे, तिथून जवळच्या किनारी सपाटीवर दगडांची वर्तुळे आहेत. मध्ये मऊ, बारीक माती आणि भोवती दगडांचा कठडा असे त्यांचे रूप असते. एखाद्या माणसाने बसून रचावीत इतकी ती नीटस आहेत. तिथे जमीन वर्षानुवर्षे गोठते व वितळते, त्या हालचालीत बारीक माती आणि दगड वेगळे होत जातात. हे काम तडकण्याचे नाही.

भूगोलशिक्षिका:
टेकड्यांचा प्रश्न राहिला, आणि माझ्या मते या प्रदेशातली सर्वांत विलक्षण गोष्ट तीच आहे. या टेकड्यांना पिंगो म्हणतात. शब्द तिथल्या इनुविआलुइट लोकांच्या भाषेतला, अर्थ लहान टेकडी. वनस्पतीशास्त्रज्ञ एर्लिंग पोर्सिल्ड यांनी 1938 मध्ये तो शास्त्रीय लेखनात आणला. टुक्टोयाक्टुकच्या परिसरात सुमारे 1,350 पिंगो आहेत आणि त्यांतला इब्युक 49 मीटर उंच आहे.

आज जिथे पिंगो आहे, तिथे पूर्वी तळे होते. खोल तळ्याचे पाणी हिवाळ्यात तळापर्यंत गोठत नाही, म्हणून त्याच्याखालची वाळू न गोठता पाण्याने चिंब राहते, जरी भोवताली शेकडो मीटर गोठलेली जमीन असली तरी. पुढे काठावरच्या बर्फाच्या पाचरी वितळून पाण्याला वाट मिळते आणि तळे रिकामे होते. आता उघडा पडलेला तळ वरून गोठू लागतो. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते, त्यामुळे वाळूतले जास्तीचे पाणी पुढे ढकलले जाते. खाली गोठलेली जमीन, बाजूंनी गोठलेली जमीन, वर झाकण बसत चाललेले. पाण्याने जावे कुठे? जिथे एखादे डबके उरलेले असते, तिथे वरचे झाकण सर्वांत पातळ असते. तिथेच ते पाणी जमीन वर उचलते आणि गोठून शुद्ध बर्फाचा गाभा बनते. टेकडी म्हणजे या गाभ्यावरचे मातीचे पांघरूण होय.

हा केवळ तर्क नाही. कॅनडाचे भूगोलतज्ज्ञ जे. रॉस मॅके यांनी पिंगोजवळ जमिनीत छिद्रे घेतली, तेव्हा दाबाखालचे पाणी कारंज्यासारखे उसळले. एवढ्यावर न थांबता 1978 मध्ये त्यांनी रिचर्ड्स बेटावरचे इलिसारविक हे तळे मुद्दाम चर खणून रिकामे केले, म्हणजे तळ पहिल्या हिवाळ्यापासून कसा गोठत जातो हे मोजता यावे. संशोधनातला असा धीर मला फार मोलाचा वाटतो.

शेतबांध:
तिघांचेही मनापासून आभार. तळे आटून तिथे टेकडी उभी राहावी, हे वाचून मी थक्क झालो. एकच शंका उरते: आतला बर्फ वितळला तर काय होते?

भूगोलशिक्षिका:
टेकडी वाढताना तिचा माथा ताणाने तडकतो आणि त्या भेगेतून ऊन आत पोहोचते. पांघरूण घसरून गाभा उघडा पडला की माथा खचतो. मध्ये तळे आणि भोवती मातीचा गोल कठडा उरतो. नेदरलँड्सच्या ड्रेंथे प्रांतात हिमयुगातल्या पिंगोंच्या अशा खुणा अजून दिसतात.

हिमरेषा:
पाचरींचेही तसेच होते. त्या वितळल्या की बांधाच्या जागी चर पडतो, आतले पाणी त्या चरातून निघून जाते, आणि पूर्वी खोलगट असलेला तुकडा उंचवट्यासारखा उभा राहतो. अलीकडच्या दशकांत आर्क्टिकमध्ये ठिकठिकाणी हा बदल दिसतो आहे. खुद्द टुक्टोयाक्टुकमध्ये समुद्र बर्फाळ किनारा खात असल्याने काठावरची काही घरे आत हलवावी लागली आहेत.