समासाला कात्री लावू नका
दादा, स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या प्रिंटचा पांढरा समास फ्रेममध्ये बसवायला कापू का, असं विचारलंत. अजिबात नको! चित्रकाराची पेन्सिलीतली सही आणि '२१४/८५०' असा (म्हणजे ८५० प्रतींपैकी २१४ वी) क्रमांक त्या समासातच असतो, त्या युद्धात लढलेल्या वैमानिकांच्या सह्याही बहुधा तिथेच. माझ्या एका प्रिंटचा समास परभणीत फ्रेमवाल्यानं न विचारता छाटला, अजून जीव हळहळतो. १९४३ च्या जर्मन धरणांवरील ब्रिटिश हवाई हल्ल्यातले शेवटचे हयात सैनिक जॉनी जॉन्सन २०२२ मध्ये गेले. अशा माणसांची सही आता पुन्हा कुठून मिळणार? प्लायवर चिकटवूही नका, आम्लमुक्त माउंटच (चित्रामागचा-भोवतीचा, कागद पिवळा न पाडणारा पुठ्ठा) मागा. आणि आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन येणारी भिंत टाळा. लाल-पिवळा आधी उडतो, मग सगळं चित्र निळसर पडतं.