मागावर बोट गेलं: मालकाशी तडजोड की रीतसर दावा?

पूर्वभागकर: सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसी असो की पूर्व भागातलं शेड, टॉवेल विणायच्या यंत्रमागावर बोट तुटलं की बऱ्याचदा एकच होतं. मालक दवाखान्याचं बिल भरतो, वर थोडे हजार हातावर ठेवतो आणि 'काही तक्रार नाही' म्हणून सही घेतो. ती सही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कायद्याने मिळणाऱ्या भरपाईचा हिशेबच बघा. वय 30, पगार 12,000, तर्जनी मुळापासून गेली. पगाराचे 60 टक्के 7,200, कायद्याच्या तक्त्यात त्या वयाचा गुणक 207.98, गुणाकार 14,97,456. तर्जनी गेली तर त्याचे 14 टक्के, म्हणजे 2,09,644 रुपये. अंगठा गेला तर 30 टक्के. 1923 चा कर्मचारी भरपाई कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण हे सूत्र कायम आहे.

शेडमालक: कागदावर बरोबर आहे. पण आठ मागांवर जॉबवर्क करणारा, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुताचं कापड विणून देणारा, दोन लाख कुठून आणणार? दावा लागला की वकील आला, तारखा आल्या. तोवर कामगाराच्या घरी चूल कशी पेटायची? त्याच्या अंगावर मालकाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) असतेच, दुसरा मालक लवकर कामावर घेत नाही. तडजोडीत निदान आठवड्यात पैसे मिळतात. आणि चालत्या मागाच्या गिअरमधला कापूस काढायला हात घालतो कोण? गिअरवरचं गार्ड, म्हणजे संरक्षक झाकणही त्यानेच काढलेलं असतं.

जुना जॉबर (माग दुरुस्त करणारा): गार्ड का निघतं ते सांगतो. क्रँक शाफ्ट आणि बॉटम शाफ्टचे गिअर जिथे एकमेकांत बसतात, तिथलं पत्र्याचं गार्ड नटांवर असतं. तेल घालायचं म्हणजे पाना हुडका, नट काढा, परत बसवा. मजुरी मीटरवर, माग थांबला की पैसे थांबले. मग ते गार्ड कोपऱ्यात पडून राहतं. बिजागरीचं गार्ड करा आणि तेलाची नळी बाहेर काढा, उघडायचं कारणच उरत नाही. धोटा (आडवा धागा नेणारी नळी) उडून डोळ्याला लागतो त्याचंही तेच. धोट्याला ठोकर देणारा पिकर झिजलेला, त्याचा पट्टा सैल, नाहीतर ताण्याचा (उभा) तुटलेला धागा गुंतून धोट्याची वाट बंद झालेली. फणीच्या वरच्या पट्टीवर (टोपीवर) सळईचं गार्ड नसलं तर धोटा थेट समोरच्या माणसावर जातो.

आणि गार्ड कामगारानेच मुद्दाम काढलं असं मालक म्हणत असेल, तर ते त्यालाच सिद्ध करावं लागतं. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर तो बचाव चालतच नाही.

पूर्वभागकर: पैसे लगेच हवेत हे मान्य, मालक. मग तडजोडच भरपाईच्या सक्षम प्राधिकाऱ्यांकडे (जुन्या कायद्यातले आयुक्त) नोंदवा ना. रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात, म्हणून कामगार फसत नाही. नुसत्या कागदावर भरपाईचा हक्क सोडून दिला तर तो कागद कायद्याने रद्द. महिन्याभरात भरपाई दिली नाही तर 12 टक्के व्याज, विनाकारण टाळली तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. दाव्याची मुदत दोन वर्षं.

सगळ्यात मोठा घोळ दवाखान्यातल्या पहिल्या कागदावर होतो. सोबत आलेला माणूस सांगतो, 'घरी दारात बोट सापडलं', आणि तेच केसपेपरवर चढतं. तिथेच 'मागावर काम करताना' असं लिहून घ्या. एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, पगाराच्या बँक नोंदी, मागाचा फोटो आणि शेजारच्या मागावरच्या माणसाचं नाव जपून ठेवा.

लेबर लॉ वाला: दहा किंवा जास्त कामगार असतील तर गोष्ट सोपी आहे, ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. पगारावर मालकाचा हप्ता 3.25 टक्के, कामगाराचा 0.75. कामावरच्या इजेला पहिल्या दिवसापासून हक्क, बरं होईपर्यंत पगाराच्या 90 टक्के, पुढे अपंगत्वाप्रमाणे दरमहा रक्कम. मग मालकावर वेगळा दावा चालत नाही, ही मालकांचीच सोय आहे. तरी कामगार दहाच्या आत दिसावेत म्हणून एका शेडला भिंत घालून ते तीन नावांवर दाखवतात, हे मला पटत नाही. नोंद टाळली म्हणून कामगाराचा हक्क जात नाही. ईएसआय महामंडळ त्याला पैसे देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. दहाच्या आत असाल तर कामगार भरपाईची विमा पॉलिसी घ्या.

शेडमालक: बिजागरीचं गार्ड लावायला हरकत नाही, ते स्वस्त आहे. पण पॉलिसीचा हप्ता जॉबवर्कच्या दरात धरायला व्यापारी तयार होत नाही. सूत त्याचं, कापड त्याचं, दर त्याचा. त्याच्या खिशाचं आधी बोला, मग माझ्या.