मदत हवी आहे: अपघातानंतर मध्येच 'जाते', आठवणीत खड्डे पडलेत (नाशिक)

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या.

गेल्या जुलैत घोटीला मावशीकडे गेलो होतो. परत येताना वाडीवऱ्ह्याजवळ कंटेनरने आमची बाइक मागून उडवली. दादा चालवत होता. तो गेला. मला डोक्याला सहा टाके, सीटी स्कॅन नॉर्मल. घोटीत चहा-भजी घेतली, पाऊस वाढला म्हणून रेनकोट चढवले, इथपर्यंत सगळं लख्ख आठवतं. त्यानंतर एकदम कॅज्युअल्टीतला पंखा. मधला तास-दीड तास नाहीच. वहिनीला फोन म्हणे मीच केला, लोकांना घरचा पत्ताही मीच सांगितला. फोनमध्ये तो कॉल आहे, ३ मिनिटं १२ सेकंदांचा. त्यातला एक शब्द आठवत नाही.

हे झालं तेव्हाचं. पण दहा महिन्यांनंतरही मी मध्येच 'जाते'. मागच्या मंगळवारी अंबडला कंपनी सुटली आणि भानावर आले ती पाथर्डी फाट्यावर, हातात कोथिंबिरीच्या दोन जुड्या. घरी फ्रिज उघडला तर आधीच्या दोन जुड्या तशाच. मोबाइलमध्ये पाहिलं, ६:४२ ला भाजीवाल्याला ४० रुपये गेलेले. हल्ली दिवसाचा हिशेब मी असाच लावते, पैसे कुणाला गेले त्यावरून. कधी उलटं होतं. असते तिथेच, पण मध्ये काच असल्यासारखं. स्वतःचे हात दुसऱ्या कुणाचे वाटतात. ट्रकच्या एअर ब्रेकचा तो 'फुस्स' आवाज आला की हमखास.

सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. (काढू दिली. त्यांना बरं वाटलं.) मावसभाऊ म्हणतो, इगतपुरीला दहा दिवस विपश्यना करून ये. एका डॉक्टरांनी "विचार कमी करा" असं सांगून झोपेची गोळी दिली.

खरा त्रास वेगळाच आहे. वहिनी भेटली की विचारते, "शेवटचं काय बोलले हो ते?" तिने नुकसानभरपाईचा दावा लावलाय, त्यात माझी साक्ष आहे. वकील म्हणतात, नीट आठवा. आमचे हे एकदा बोलून गेले की कंटेनरवर निळी ताडपत्री होती, आणि आता मला ती ताडपत्री दिसायला लागलीय! ती मी पाहिली होती की ऐकली, तेच कळत नाही. संमोहनाने आठवण बाहेर काढता येते का? आता तर पाऊस तोंडावर आलाय.

रात्रपाळी: ताई, मी मानसोपचार विभागात नर्स आहे. निदान डॉक्टर करतील, मी फक्त काय विचारायचं ते सांगते. तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्यात. डोक्याला जोरात मार लागला की बऱ्याचदा त्या वेळची आठवण मेंदूत नोंदलीच जात नाही, माणूस वरवर नीट बोलत असला तरी. जे साठलंच नाही ते संमोहनाने कुठून निघणार? उलट संमोहनात सुचवलेलं खरं वाटायला लागतं. तुमची ताडपत्री हे त्याचंच घरगुती रूप. त्यामुळे घरच्यांना सांगा, तो खड्डा भरून देऊ नका.

आत्ताचं 'जाणं' मात्र वेगळं. आघातानंतर मन असं तुटून बाजूला होतं, त्याला डिसोसिएशन म्हणतात, आणि त्यावर उपचार आहेत. पण अपस्माराच्या (फिट्सच्या) एका प्रकारातही माणूस काही मिनिटं असाच हरवतो, हातांनी कामं करत राहतो. म्हणून आधी न्यूरोलॉजिस्टना दाखवा, बहुधा ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) सांगतील. तोवर गाडी चालवू नका, सिटीलिंकच्या बसने जा. त्रंबक रोडच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला तर १४४१६ ला लावा. ही टेली-मानस सेवा २०२२ पासून आहे, फुकट, मराठीत बोलतात.

विपश्यना आत्ता नको. दहा दिवस मौन आणि मिटलेले डोळे, यात तुमचं 'जाणं' वाढू शकतं. त्यांच्या फॉर्ममध्येही मानसिक आजाराबद्दल विचारतात, लपवू नका.

गोदाकाठ: मी यातून गेलेय, कारण वेगळं होतं. पर्समध्ये आमसूल ठेवते. काच यायला लागली की एक तोंडात. डोळे उघडे, पाय जमिनीवर दाबायचे आणि चक्क मोठ्याने म्हणायचं, "आज गुरुवार, मी मुंबई नाक्यावर आहे, समोर पिवळा बोर्ड आहे." लोक बघतात, बघू देत. घरच्यांना सांगून ठेव, मागून येऊन हलवायचं नाही, समोरून नावाने हाक मारायची. मला ईएमडीआरचा (डोळ्यांच्या हालचालींची मदत घेऊन आघातावर करतात ती थेरपी) उपयोग झाला. पण पहिले दोन महिने माझ्या थेरपिस्ट बाईंनी त्या दिवसाचा विषयच काढला नाही, आधी फक्त परत यायला शिकवलं.

काळा कोट: वकिलीच्या बाजूने सांगतो. 'आठवत नाही' हे साक्षीत पूर्ण उत्तर आहे. ताडपत्री छातीठोकपणे सांगाल आणि पंचनाम्यात नसेल, तर उलटतपासणीत तिथेच धरतील. एफआयआर, पंचनामा, पोस्टमॉर्टेम, तुमचे दवाखान्याचे कागद, हे सगळं आहे ना? या दाव्यात फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा लागत नाही.

मूळ लेखिका: सगळ्यांचे आभार. न्यूरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट सोमवारची मिळालीय. आमसुलं घेतली.

काल वहिनीकडे गेले होते. पुन्हा तोच प्रश्न. खरं सांगते, काहीतरी रचून सांगावं असं कितीदा मनात आलंय. काल म्हटलं, शेवटचं मला माहीत नाही गं, कधी आठवेल असंही नाही. पण घोटीत माझ्या रेनकोटची चेन अडकली होती, तर दादाने ती दातांनी ओढली आणि म्हणाला, "भज्यांचं तेल लागलंय, आता सरकेल." वहिनी आधी हसली, मग बराच वेळ रडली. निघताना म्हणाली, भजी कसली होती? कांद्याची, म्हटलं.