व्हिएतनाम: संध्याकाळची बोट आणि जुनं गाव, पॅकेजमध्ये घेऊ की स्वतः जाऊ? (तातडीने मदत हवी आहे)

शेवंती
नमस्कार. घाईत लिहितेय, चूभूद्याघ्या. एजंटला उद्या दुपारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. आमच्या व्हिएतनामच्या पॅकेजमध्ये एक संध्याकाळ 'बोट राइड + ओल्ड टाउन वॉकिंग टूर' अशी आहे. ती ऑप्शनल, म्हणजे तिचे माणशी ३,९०० वेगळे. पाण्यात दिवे सोडणं वगैरे त्यातच. नवरा म्हणतो तिकडे गेल्यावर आपलं आपण बघू, निम्म्यात होईल. मला परक्या गावात बोट शोधत फिरायचा वैताग नकोय. कोणी केलंय का? खरंच एवढे लागतात? आईला झेपेल का? लवकर सांगा प्लीज.

हडपसर_एक्स्प्रेस
ताई, कुठलं ओल्ड टाउन? हनोईत एक आहे, होई आनला एक आहे. आणि बोटी तर तिकडे गल्लोगल्ली. हालाँगला बोट, निन्ह बिन्हला बोट, ह्युएला बोट. गावाचं नाव सांगा, मग बोलू.

तात्या_बदलापूर
आम्ही हालाँग बेला क्रूझ घेतली होती, एक रात्र दोन दिवस. सांगायचा मुद्दा, एक रात्रच घ्या, दोन रात्री घेऊ नका. दुसऱ्या दिवशी तेच डोंगर, तीच गुहा. केबिन वरच्या मजल्यावरची मागा, खाली इंजिनाची घरघर रात्रभर. पहाटे डेकवर ताई-ची शिकवतात, आमच्या सौ.नी केलं, मी चहा घेतला. थेपले न्या.

शेवंती
तात्या, हालाँग नाही हो. होई आन! पिवळी घरं, कंदील, रात्रीची नदी म्हटल्यावर कळेल असं वाटलं होतं.

हडपसर_एक्स्प्रेस
पिवळी घरं आणि कंदील तुम्ही आत्ता म्हणालात. वरच्या मजकुरात नाहीत. असो. किती जण? कुठे राहताय, होई आनमध्येच की दा नांगला? आईंचं वय? कधी जाताय?

शेवंती
चौघं. मी, नवरा, मुलगी (७), आई. हॉटेल दा नांगला आहे. एजंट ४ वाजता गाडीने नेणार, रात्री परत आणणार. पण मूळ प्रश्न पैशांचा आहे.

कोकणकडा
पैशांचं सांगतो. आम्ही गेल्या वर्षी स्वतः गेलो होतो. नदीकाठी बोटींच्या दराचा फलकच लावलेला आहे: तीन माणसांपर्यंत १,५०,००० डाँग, चार-पाच जणांना २,००,०००. वीसेक मिनिटं. तुम्ही चौघं, म्हणजे एक बोट, दोन लाख डाँग. घाबरू नका, आपले ७०० सुद्धा होत नाहीत. जुन्या गावाचं तिकीट परदेशी माणसाला १,२०,०००, म्हणजे ४०० च्या आसपास. दा नांग ते होई आन तीसेक किलोमीटर. ग्रॅबला (तिकडची ओला-उबरसारखी ॲपवरची टॅक्सी) आम्हाला एका खेपेचे साडेतीन लाख डाँग पडले.
जाऊन येऊन गाडी ७ लाख, बोट २, तिकिटं ४ लाख ८० हजार. एकूण १३ लाख ८० हजार डाँग. रुपये पावणेपाच हजार. तुमचा एजंट घेतोय १५,६००. कागदी दिव्याचे काठावरच्या आज्या वेगळे घेतात, पण ते किरकोळ. यजमानांचं बरोबर आहे, निम्म्याहून कमी.

उकडीचा_मोदक
तिकीट कशाला? आम्ही दोन संध्याकाळी फिरलो, कोणी विचारलं नाही. रस्त्यावर चालायला कसलं तिकीट.

कोकणकडा
आम्हाला जुन्या गावाच्या तोंडाशी, तिथल्या जपानी पुलाजवळ थांबवलं होतं. आणि त्या तिकिटात जुनी घरं, सभागृहं, संग्रहालयं यांतली पाच ठिकाणं आतून बघता येतात. ते पैसे तिथल्याच डागडुजीला जातात. जागतिक वारसा बघायला विमानाने जायचं आणि ४०० रुपयांसाठी मागच्या गल्लीतून शिरायचं?

उकडीचा_मोदक
मागच्या गल्लीतून नाही हो शिरलो, समोरून गेलो. नाही विचारलं तर काय हात धरून तिकीट मागू?

इतिहासवेडा
होई आनला जाऊन 'मी सॉन' हे ठिकाण न बघताच परतणारे मराठी लोक बघितले की वाईट वाटतं. होई आनपासून चाळीसेक किलोमीटरवर तिथे चंपा या जुन्या राज्याच्या राजांची देवळं आहेत. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने तिथे भद्रेश्वराची, म्हणजे शंकराची स्थापना केली. संस्कृत शिलालेख आहेत. विटा अशा बसवल्यात की सांध्यात चुना दिसत नाही. अमेरिकी बॉम्बहल्ल्यात १९६९ साली बरंच पडलं. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे काही देवळांचं काम केलं आणि २०२० साली त्या कामातच अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. सकाळी लवकर जा, गर्दी नसते. बोट काय, पवना धरणावरही मिळते.

शेवंती
काका, माहिती छान आहे, पण मी संध्याकाळच्या टूरबद्दल विचारतेय. 🙏

सिंगापूरची_सून
शेवंती, एक विचारू? तू आईंचं वय सांगितलं नाहीस, आणि कधी जाताय तेही नाही. दोन्हींवर सगळं अवलंबून आहे.

शेवंती
दिवाळीच्या सुट्टीत. भाऊबीज झाली की तिसऱ्या दिवशी निघायचं. आई ७३, गुडघे दुखतात, सपाटीवर अर्धा तास चालते. आणि खास त्या तारखा घेतल्या कारण एजंट म्हणाला की होई आनला आमच्या संध्याकाळी पौर्णिमेचा कंदील उत्सव आहे, सगळे विजेचे दिवे बंद करतात. म्हणूनच तर दर जास्त आहे म्हणाला.

सिंगापूरची_सून
थांब. भाऊबीज म्हणजे शुद्ध द्वितीया. तिसऱ्या दिवशी निघालात, होई आनला पोचेपर्यंत षष्ठी-सप्तमी. कुठली पौर्णिमा?
तो उत्सव दर चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री असतो. त्यांचा महिना अमावास्येच्या दिवसापासून मोजतात, म्हणजे साधारण आपल्या पौर्णिमेच्या आदली रात्र. एखादा दिवस इकडेतिकडे. लक्ष्मीपूजन अमावास्येला करतो आपण, त्यानंतर आठवड्याभरात पौर्णिमा आणणार कुठून?

हडपसर_एक्स्प्रेस
😂😂 एजंटने कालनिर्णय विकत घ्यायला हवं.

शेवंती
अरे देवा. हे मला सुचलंच नाही. स्वतः फराळ करून, पणत्या लावून निघणार आहे मी.

कोकणकडा
ताई, पण नुकसान काही नाही. कंदील रोजच लागतात, बोटी रोज फिरतात, दिवे रोज सोडतात. चतुर्दशीला फक्त रस्त्यावरचे विजेचे दिवे मालवतात, आणि गर्दी इतकी की पुलावर पाऊल टाकायला जागा नाही. आईंना घेऊन तर साधी संध्याकाळच बरी. एवढंच की उत्सवाच्या नावाखाली जास्तीचे पैसे देऊ नका.

रंकाळा
दिवेच बघायचे तर त्रिपुरी पौर्णिमेला कोल्हापूरला या की. पहाटे पंचगंगा घाटावर पणत्या बघा, डोळं दिपतील. ना व्हिसा, ना डाँग. वर मिसळ.

उकडीचा_मोदक
आणि नदीत कागद आणि मेणबत्त्या सोडून काय मिळतं? सकाळी काठाला त्याचा लगदा पडलेला असतो. मी नाही सोडला.

रंकाळा
आमच्या पणत्या घाटावर असतात हो, पाण्यात नाही.

सिंगापूरची_सून
पौर्णिमेपेक्षा मोठा प्रश्न पावसाचा आहे, आणि त्याबद्दल कोणीच बोलत नाहीये. व्हिएतनाम लांबलचक देश, एक हवामान नाही. नोव्हेंबरात हनोई मस्त, कोरडं, गार. पण दा नांग-होई आनच्या पट्ट्यात सप्टेंबर ते डिसेंबर पावसाळा, त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात वाईट. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस होई आनच्या जुन्या गावात पाणी भरलं होतं, लोक रस्त्यातून होडीने जात होते. नदी चढली की पर्यटकांच्या बोटी बंद.
तिथे तान की नावाचं व्यापाऱ्याचं जुनं घर आहे. आतल्या भिंतीवर पुराच्या खुणा वर्षासकट लिहून ठेवल्यात, सगळ्यात वरची १९६४ ची, माझ्या डोक्याच्या खूप वर. माडीच्या जमिनीत झडप आहे, पाणी यायला लागलं की माल दोराने तिच्यातून वर ओढून घ्यायचा. मला त्या घराने कंदिलांपेक्षा जास्त धरून ठेवलं. पुराची वर्षं भिंतीवर आणि घरातली माणसं शांतपणे चहा देतायत.
घाबरवत नाहीये. रोज पूर येत नाही. पण पाऊस पडला तर पैसे परत का, हे एजंटला लेखी विचार.

तात्या_बदलापूर
रेनकोट तिकडे फार स्वस्त. इथून नेऊ नका.

कोकणकडा
सूनबाईंचं पटलं. आम्ही मार्चमध्ये गेलो होतो, पावसाचं लक्षातच नव्हतं. एकच जोडतो. घरं आतून बघायची तर दिवसाउजेडी जा, आम्ही सहाला पोचलो तर दारं लावत होते. ४ ला दा नांगहून निघालात तर पाच वाजतील. म्हणजे त्या 'वॉकिंग टूर'मध्ये भिंतीच बघणार. मग उरतं काय? जपानी पूल, तोही बाहेरून. (२०२४ मध्ये दुरुस्ती होऊन उघडला, रंग नवा दिसतो म्हणून तिकडचे लोक चिडले होते. एका तोंडाला कुत्रे, दुसऱ्याला माकडं, ती चुकवू नका.)
अवांतर: तोच पूल २०,००० च्या नोटेवर आहे. निळी नोट. ५,००,००० ची पण निळीच. मी काळोखात शहाळेवाल्याला पुलाऐवजी दुसरी दिली. त्याने परत केली, म्हणून अजून होई आनला नावं ठेवत नाही.

उकडीचा_मोदक
सहानंतरच खरी मजा आहे पण. आम्ही जूनमध्ये होतो, साडेसहापर्यंत उजेड. आठला बोटीत बसा.

सिंगापूरची_सून
नोव्हेंबरात सव्वापाचलाच सूर्य मावळतो तिथे. सहाला कंदील पेटलेले असतील. शेवंती, जेवण कुठे आहे?

शेवंती
आठ वाजता दा नांगच्या इंडियन रेस्टॉरंटमध्ये बुफे. ते त्याच ३,९०० मध्ये आहे, सांगायचं राहिलं. आई चातुर्मास पाळते, कांदा-लसूण-वांगं नाही, म्हणून ते जेवण हवंच होतं.

हडपसर_एक्स्प्रेस
हे आधी सांगायचं ना!! कोकणकड्याचा सगळा हिशोब परत करावा लागेल. आणि आठला दा नांग म्हणजे सव्वासातला होई आन सोडणार. पोचणार पाचला. सव्वादोन तासांत बोट, चालणं, खरेदी.

कोकणकडा
चार जेवणं धरली तरी १५,६०० होत नाहीत.

सिंगापूरची_सून
जेवणाचं उलटं आहे. इंडियन बुफेत कांदा-लसूण असणारच, ग्रेव्हीच त्याची. त्यापेक्षा होई आनमध्ये 'चाय' पाटी बघ. लिहितात सी एच ए वाय, पण प्यायचा चहा नव्हे, त्याचा अर्थ शाकाहारी. बौद्धांचा शाकाहार, त्यातले काटेकोर लोक कांदा-लसूण पण खात नाहीत. बसण्याआधी विचारून घे आणि 'मासळीचा सॉस नको' हे फोनवर भाषांतर करून दाखव, तो सगळ्यात घालतात. आईंना भात, टोफू, भाज्या मिळतील. काओ लाउ नावाच्या नूडल्स सगळे सुचवतील, त्यात डुकराचं मांस असतं.

इतिहासवेडा
होई आन वाचलं कशामुळे, तर नदी गाळाने भरली आणि एकोणिसाव्या शतकात व्यापार दा नांगला गेला. बंदर मेलं, म्हणून गाव राहिलं. पुढे ते जपायला कझिक नावाचे पोलिश वास्तुविशारद झटले, त्यांचा पुतळा गावात आहे. त्यांनी आधी काम कुठे केलं? मी सॉनला.

हडपसर_एक्स्प्रेस
काका शेवटी मी सॉनला आणलंतच. 🙏

रंकाळा
आईंच्या गुडघ्यांचं कोण बोलणार?

कोकणकडा
खरंच की. जुनं गाव सपाट आहे. पुलापासून बाजारापर्यंतचा त्रान फू रस्ता एक किलोमीटरही नाही, आणि संध्याकाळी गाड्या-दुचाक्यांना बंदी. शिवाय सायकलरिक्षा मिळते, माणूस पुढे बसतो आणि चालवणारा मागे. आईंना तीत बसवा, तुम्ही मागून चाला. अडचण फक्त बोटीची. काठाच्या पायऱ्यांवरून उतरून हलत्या होडीत पाय टाकायचा असतो. नावाडी हात देतात, लाइफ जॅकेट देतात, पण बसायची फळी खालीच असते. उठताना गुडघे बोलतील. आईंना काठावर कॉफी देऊन बसवलं तरी चालेल, खरा देखावा काठावरूनच दिसतो.

शेवंती
सगळ्यांचे खूप आभार. आत्ताच एजंटशी बोलले. पौर्णिमेचं विचारल्यावर म्हणाला "मॅडम, तिथे रोजच पौर्णिमेसारखं असतं". मग पाऊस पडला तर पैसे परत का विचारलं, तर "तसं कधी होत नाही". ती संध्याकाळ पॅकेजमधून काढून टाकली. दुपारी लवकर ग्रॅबने जाऊ, तान की घर उजेडात बघू, आई रिक्षात, बोट मी आणि लेक. नवरा काठावर आईबरोबर बसेल, त्याला पाण्याची भीती वाटते, ते आज कळलं. जेवण तिकडेच. पाऊस आला तर घरात बसून खुणा वाचू.
काका, मी सॉनसाठी दुसऱ्या दिवशी सकाळ मोकळी आहे. आईने 'भद्रेश्वर' ऐकलं आणि ठरवून टाकलं.

इतिहासवेडा
वा! टोपी न्या. आणि आईंना सांगा, बेल तिकडे मिळणार नाही.

तात्या_बदलापूर
हालाँग राहिलं बघा.

पाहुणा_पेणचा
आत्ताच सदस्य झालोय. आम्हालाही जानेवारीत व्हिएतनाम करायचंय. वरचं सगळं वाचलं नाही. शेवंतीताई, तुमच्या एजंटचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?