खुबा बदलून साडेतीन महिने झाले, तरी लंगडणे का थांबत नाही?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ६२ असून मी सांगलीला राहते. सहा-सात वर्षे उजव्या खुब्याची झीज होत होती आणि शेवटची दोन वर्षे तर रात्री कूस बदलतानाही जीव जात असे, म्हणून साडेतीन महिन्यांपूर्वी मिरजेत संपूर्ण खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. सांधा सिमेंट न वापरता बसवलेला असून चीर मागच्या बाजूने घेतलेली आहे. दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभे केले, पाचव्या दिवशी घरी सोडले आणि सहा आठवड्यांनी एक्स-रे पाहून डॉक्टरांनी वॉकर सोडून काठी घ्यायला सांगितले. जुने खोल दुखणे गेले ते गेलेच. त्याबाबत माझी कसलीही तक्रार नाही.

प्रश्न चालण्याचा आहे. रोज सकाळी उजव्या हातात काठी घेऊन मी मारुतीच्या देवळापर्यंत जाते, म्हणजे जाऊन-येऊन सुमारे ४०० मीटर होतात. जाताना बरी असते. परत येताना मात्र शरीर उजवीकडे झुकू लागते आणि फाटकाशी पोहोचेपर्यंत मी शस्त्रक्रियेपूर्वी लंगडत असे तशीच लंगडत असते. शिवाय उजवा पाय डाव्यापेक्षा लांब झाल्यासारखा वाटतो, बराच वेळ बसून उठल्यावर पहिली चार-पाच पावले जांघेत आखडल्यासारखी पडतात आणि संध्याकाळी घोट्याजवळ सूज दिसते, ती रात्री पाय उंच ठेवून झोपल्यावर सकाळी उतरते. घरी सोडताना व्यायामाच्या पाच चित्रांचा एक छापील कागद मिळाला होता, परंतु ते व्यायाम किती दिवस करायचे आणि पुढे काय वाढवायचे, हे कोणी सांगितले नाही आणि मलाही विचारायचे सुचले नाही. पलीकडच्या गल्लीतले एक गृहस्थ याच शस्त्रक्रियेनंतर सातव्या आठवड्यात हात मोकळे सोडून बाजारात जाऊ लागले. माझ्या नणंदबाई म्हणतात की, मालिशवाल्याला बोलावून पाय एकदा नीट ओढून घ्यावा. माझे काही चुकते आहे का?

दोन्ही_खुबे_नवे

ताई, मी पुण्याचा. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून हाड झिजल्यामुळे वयाच्या ४४व्या वर्षी माझा डावा खुबा बदलला आणि १४ महिन्यांनी उजवा. त्यामुळे हा रस्ता मी दोनदा चाललो आहे आणि गंमत अशी की, दोन्ही वेळा तो सारखा नव्हता. डाव्या पायाची काठी नवव्या आठवड्यात सुटली. उजव्याची पाचवा महिना उलटेपर्यंत सुटली नाही. डॉक्टर तेच, सांधा त्याच प्रकारचा आणि पायही माझेच होते. तेव्हा पलीकडच्या गल्लीतल्या गृहस्थांशी तुलना करून तुमच्या हाती काही लागणार नाही.

पहिल्या सहा आठवड्यांत रोज काहीतरी नवे जमते: आज स्वतः पलंगावरून उतरलो, आज पायऱ्या चढलो, आज बसून अंघोळ केली. तिसऱ्या महिन्यापासून मात्र सुधारणा इतकी मंदावते की ती थांबलीच आहे, असे वाटू लागते आणि घरातली मंडळीही तोवर ‘आता तर बरे झालात’ असे म्हणू लागलेली असतात. माझा सर्वांत निराशेचा काळ तोच होता. मी दिनदर्शिकेच्या चौकटीत किती चाललो ते पेन्सिलीने लिहीत असे. कालचा आणि आजचा आकडा पाहिला तर फरक शून्य, पण महिन्याचे पान उलटून मागचे पाहिले की फरक कळायचा. ऑपरेशनच्या पायाची नखे मी स्वतः, कोणाची मदत न घेता, प्रथम कापली ती सातव्या महिन्यात. त्या दिवशी बायकोने चहाबरोबर शिरा केला होता, म्हणून एवढे लक्षात आहे.

बसून उठल्यावरचे आखडणे मलाही होते आणि ते साधारण सहाव्या-सातव्या महिन्यात कधी गेले, हे कळलेदेखील नाही. उठण्यापूर्वी बसल्या जागीच गुडघा दहा-बारा वेळा सरळ करून मग उभे राहावे, म्हणजे पहिली पावले सोपी जातात.

चालते_व्हा

आमच्या मामांनी तर दीड महिन्यातच काठी फेकून दिली होती. काठीची एकदा सवय लागली की ती सुटत नाही. मन घट्ट करून काठीशिवाय चालायला लागा, आपोआप जमेल.

व्यायामशाळा_नव्हे

मी फिजिओथेरपिस्ट असून खुबा आणि गुडघा बदललेल्या रुग्णांबरोबर १७ वर्षे काम करतो आहे. वरच्या प्रतिसादातील सल्ला कृपया मानू नये आणि त्याचे कारण सविस्तर सांगतो, कारण ताईंच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे.

आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला क्षणभर एकाच पायावर उभे असतो. त्या क्षणी हवेतल्या पायाच्या बाजूची कंबर खाली पडू पाहते आणि तिला सावरून धरण्याचे काम टेकलेल्या पायाच्या खुब्याबाहेरचा, पंख्याच्या आकाराचा स्नायू करतो. शरीराचे वजन सांध्यापासून दूर आणि हा स्नायू सांध्याच्या अगदी जवळ असल्यामुळे त्याला वजनाच्या जवळपास दुप्पट ओढ लावावी लागते. तो अशक्त असेल तर कंबर पडते, किंवा ती पडू नये म्हणून माणूस धडच त्या बाजूला झुकवतो. ताईंना परतीच्या वाटेवर जे होते ते हेच आहे. जाताना स्नायू ताजा असतो, येताना थकलेला असतो. जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबर्ग यांनी हे लक्षण १८९५ मध्येच वर्णिले होते आणि आजही आम्ही रुग्णाला एका पायावर उभे करून तेच पाहतो.

आता हा स्नायू अशक्त का? शस्त्रक्रियेमुळे थोडासा; पण मुख्यतः त्याआधीच्या सहा-सात वर्षांमुळे. दुखऱ्या पायावर भार नको म्हणून शरीर इतकी वर्षे त्या स्नायूला कामच देत नव्हते. डॉक्टरांनी सांधा दोन तासांत बदलला. स्नायू बदलून मिळत नाही, तो भरावा लागतो आणि त्याला सहा महिने ते वर्ष लागणे सर्वसाधारण आहे. अशा वेळी काठी लवकर टाकली तर लंगडत चालण्याचाच सराव पक्का होतो. म्हणून काठी कधी सोडायची, हे आठवडे मोजून ठरवू नये. काठीशिवाय न झुकता चालता येईल त्या दिवशी ती सोडावी. घरात आधी सुटेल, रस्त्यावर नंतर सुटेल.

परंतु ताई, आपल्या प्रश्नातले एक वाक्य मी पुन्हा वाचले. शस्त्रक्रिया उजव्या खुब्याची आणि काठीही उजव्याच हातात? ती डाव्या हातात हवी. उजवा पाय आणि डाव्या हातातली काठी एकाच वेळी पुढे टाकावी. डावा हात उजव्या सांध्यापासून लांब असल्यामुळे काठीवर दिलेला थोडासा जोरदेखील कंबर सावरायला पुष्कळ उपयोगी पडतो आणि उजव्या स्नायूचे ओझे हलके होते. उजव्याच हातात काठी धरल्यावर मात्र शरीर तिच्यावर, म्हणजे उजवीकडेच, झुकते. ही चूक इतकी सर्रास आढळते की, मी नवीन रुग्णाला पाहताना आधी हात पाहतो, नंतर पाय. काठीची मूठ मनगटाच्या रेषेत यावी आणि खालचे रबर झिजलेले नसावे.

व्यायामांपैकी दोन नीट धरा. स्वयंपाकाच्या ओट्याला दोन्ही हात टेकून ताठ उभे राहा आणि उजवा पाय, बोटे समोर ठेवून, वीतभर बाजूला न्या, तीन आकडे मोजा, सावकाश परत आणा. धड वाकडे झाले तर पाय जास्त वर नेला असे समजावे. दुसरा, पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलण्याचा. दोन्ही दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. ४०० मीटर सलग चालण्याऐवजी सकाळी २०० आणि संध्याकाळी २०० चाला आणि झुकायला लागण्यापूर्वी थांबा.

पाय लांब वाटण्याविषयी: झिजलेल्या सांध्यामुळे तो पाय आधी हळूहळू आखूड झालेला असतो आणि कंबरेनेही तिरपी राहण्याची सवय लावून घेतलेली असते. आता पाय मूळ लांबीवर आला की तो परका वाटतो. बहुतेकांमध्ये कंबर सैल होईल तशी ही जाणीव काही महिन्यांत ओसरते. तोवर दुसऱ्या चपलेत स्वतःच्या मनाने पॅड घालू नये, कारण मग कंबर सरळ होण्याची गरजच उरत नाही. पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडून एक्स-रेवर मोजून घ्यावे.

मालिशवाल्याकडून पाय ओढून घेणे, पिळणे हे पूर्णपणे टाळावे. सांधा निखळू शकतो. संध्याकाळी येऊन सकाळी उतरणारी सूज या काळात नेहमीची आहे. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, ताप आला, जखमेतून पाणी येऊ लागले, किंवा पाय अचानक आखूड होऊन आत वळला आणि टेकवेनासा झाला, तर मात्र येथे लिहीत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि पोटरीच्या सुजेबरोबर धाप लागली तर क्षणही दवडू नका.

माजघर

माझ्या सासूबाईंचा खुबा गेल्या वर्षी बदलला. व्यायामाचे वरील मंडळींनी सांगितलेच आहे, मी फक्त घरातले सांगते. आम्ही रोजच्या वापराचे डबे कंबरेच्या उंचीवर आणले, देवघर एका टेबलावर मांडले, न्हाणीघरात पकडायला दांडी बसवली आणि कमोडवर चार इंचांची उंच बैठक ठेवली. बसायची खुर्ची हाताची आणि उंच हवी. सोफ्यात रुतले की गुडघे खुब्याच्या वर जातात. पायरी चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, हे सासूबाईंच्या लक्षात राहत नसे, म्हणून जिन्याच्या भिंतीवर मुलाने खडूने बाण काढून दिले होते.

कृष्णाकाठ

सर्वांची मनापासून आभारी आहे. काठीचे वाचून आधी हसू आले आणि मग वाईट वाटले, कारण दोन महिने मी रोज देवळापर्यंत चुकीच्या हातात काठी घेऊन जात होते आणि वाटेत भेटणाऱ्या कोणाच्याही ते लक्षात आले नाही. गेले तीन आठवडे काठी डाव्या हातात आहे. पहिले दोन दिवस हात-पाय एकमेकांत अडखळले, नंतर ठेका सापडला. ओट्यापाशी पाय बाजूला नेताना धड झुकते का, हे कपाटाच्या आरशात दिसत नव्हते, म्हणून मुलीने मोबाइलवर मागून चित्रण केले; चौथ्या वेळेनंतर खांदा खाली जातो हे स्पष्ट दिसते. म्हणून सध्या चारच वेळा करून थांबते, जरा विसावते आणि पुन्हा चार करते.

एकच विचारायचे राहिले. पुढच्या महिन्यात नातीचे बारसे आहे. पाटावर मांडी घालून बसता येईल का?

व्यायामशाळा_नव्हे

चार-चार वेळा करण्याची आपली युक्ती योग्य आहे, तशीच चालू ठेवा. मांडीचे अंतिम उत्तर आपल्या शल्यचिकित्सकांनीच द्यावे, कारण सांधा कोणत्या कोनात बसवला आहे, हे त्यांनाच ठाऊक असते. खरा धोका मांडी घालून बसण्यापेक्षा जमिनीवर बसताना आणि तेथून उठताना असतो. त्या धडपडीत खुबा पूर्ण दुमडतो आणि गुडघा आत वळतो, आणि मागून चीर घेतलेल्या सांध्याला नेमके तेच नको असते. पुढच्या महिन्यात तरी पाट नको. हाताच्या खुर्चीवर बसा, पाळण्यावर ओणवे होऊ नका आणि बाळाला कोणीतरी आणून तुमच्या मांडीवर द्यावे.